अक्का आणि कोणीतरी

आमच्या घरमालकीण अक्का संगणकाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुतात. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, मनगट गोल फिरवून. मग हात वर धरून, कशालाही न शिवता, खुर्चीपर्यंत येतात आणि कोपराने पंखा लावतात. माऊसला हात लागतो तो त्यानंतर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई आता कोणाचं तरी पोट फाडणार.

अक्का धुळ्याच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अंगातून दवाखाना गेला नाही. भाजीवाल्याला त्या "पुढचा" म्हणून बोलावतात. गॅस सिलिंडर संपत आला की "शेवटच्या घटका मोजतोय" म्हणतात. आणि रोज दुपारी दोन वाजता दार लावून संगणकावर पत्ते खेळतात.

हे पत्ते म्हणजे आपली रमी नव्हे. ह्या खेळात प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा. राक्षस, घोडे, जादूगार, भिंती, डोंगर अशा हजारो पत्त्यांतून आपापला गठ्ठा आधी निवडून बांधायचा आणि जगात कुठेही बसलेल्या माणसाशी इंटरनेटवरून लढायचं. दोघांना वीस-वीस जीव. ज्याचे आधी संपले तो हरला. शौकीन लोक छापील पत्ते जमवतात, अदलाबदल करतात. अक्कांकडे छापील पत्ता एकही नाही. त्यांच्याकडे आहे ते कुठल्याशा हौशी मंडळींनी बनवून सगळ्यांना फुकट दिलेलं सॉफ्टवेअर. क्षयरोगाच्या वॉर्डात अमळनेरचे एक प्राध्यापक दीड महिना भरती होते, भेटायला कोणी यायचं नाही, त्यांनी वेळ जावा म्हणून अक्कांना हा खेळ शिकवला आणि घरी जाताना ते सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर देऊन गेले.

त्याचा एक गुण अक्कांना फार आवडतो. त्या सॉफ्टवेअरला खेळाचे नियम येत नाहीत. ते फक्त टेबल मांडून देतं. पत्ता ओढायचा, ठेवायचा, दमलेला पत्ता आडवा करायचा, जीव कमी करायचे, सगळं दोघांनी आपापल्या हाताने, इमानदारीने. कडेच्या पट्टीत मात्र प्रत्येक हालचालीची वेळेसकट नोंद पडत जाते. त्या पट्टीला अक्का केसपेपर म्हणतात.

आता हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतोय. पण जळगावहून धुळ्याला येऊन आम्ही अक्कांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. मे महिना, सुट्टी. देवपुरातली ती कॉलनी दुपारी दोन वाजता अशी व्हायची की सगळे लोक गाव सोडून गेलेत असं वाटावं. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. डांबर मऊ झालेलं. झळांमध्ये समोरचं घर पाण्यात बुडाल्यासारखं हलताना दिसायचं. आवाज म्हणाल तर फक्त कूलरचा. आणि मधल्या एका विटेच्या भिंतीपलीकडून अक्कांचा.

"आलात? बसा."

मग शांतता.

"आज उशीर झाला तुम्हाला."

पुन्हा शांतता. दुसरा आवाज नाहीच.

"अहो, तो मेलाय. मेलेल्याला कशाला हात लावता? बरं, उठवा, उठवायचाच असेल तर."

माझी बायको वैशाली भिंतीला कान लावून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या बाजूला जाऊन आलो. अक्कांच्या दाराला आतून कडी. बाहेर चपलांचा एकच जोड, अक्कांचा.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का, दुपारी पाहुणे आले होते का?"

"हो ना."

"कोण?"

"कोणीतरी."

"म्हणजे, ओळखीचं?"

"रोजचंच आहे, भाऊ. अडीचला येतं, साडेतीनला जातं."

"राहतात कुठे?"

"काय माहीत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही." आणि अक्का तुळशीला पाणी घालायला गेल्या.

वैशालीने त्याच संध्याकाळी आमची कॉट ओढून पलीकडच्या भिंतीला नेली. त्या भिंतीला खिडकी होती आणि तिथून आगीसारखा वारा यायचा. पण ती म्हणाली, भाजून मेलेलं परवडलं.

चार दिवसांनी अक्कांचा माऊस बिघडला म्हणून त्यांनी मला आत बोलावलं, आधी मोरीकडे पाठवून हात धुवायला लावले, आणि तेव्हा कुठे उलगडा झाला. पडद्यावर टेबल होतं. खालच्या बाजूला नाव होतं 'सिस्टर धुळे'. वरच्या बाजूला, इंग्रजी अक्षरांत, नाव होतं 'कोणीतरी'. समोरच्या माणसाने तेच नाव घेतलं होतं. मी पोट धरून हसलो. वैशालीला सांगितलं, तीही हसली. कॉट मात्र तिने परत आणली नाही.

आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. कोणीतरी मला कधीच नीटसा वाटला नाही. जगातले बाकीचे खेळाडू बडबड करतात, शिव्या देतात, हरले की निघून जातात. हा दोन वर्षं रोज अडीचला यायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. त्याच्या गठ्ठ्यात मारणारे पत्ते जवळपास नव्हतेच. भिंती, कुंपणं, खंदक. अक्का हल्ला करायच्या, तो भिंत उभी करायचा. एकेका चालीला दोन-दोन मिनिटं. त्याचा पत्ता जागेवरून निघायचा तो मुंगीने ओढल्यासारखा, थांबत, कापत, पुन्हा निघत. साडेतीनला डाव अर्धा असला तरी खालच्या चौकटीत एकच शब्द उमटायचा. उद्या.

"हा माणूस जिंकायला येत नाही," अक्का म्हणायच्या. "वेळ काढायला येतो."

मग एक दिवस तो अर्ध्या पाळीत थांबला.

मी नेमका तिथेच होतो. अक्कांचा एक घोडा लढून दमून आडवा पडला होता. कोणीतरीने आपली एक भिंत उचलली आणि हळूहळू सरकवत अक्कांच्या बाजूला आणून त्या घोड्याच्या डोक्याशी ठेवली.

"हे काय?" मी म्हणालो. "असा नियम आहे?"

"नाही," अक्का हसत म्हणाल्या. "ऊन लागू नये म्हणून सावली केली त्यांनी."

मग त्याने गठ्ठ्यातून एक पत्ता ओढला. आणि बस. तीन वाजले, साडेतीन झाले. 'उद्या' आलं नाही. सहाच्या सुमाराला त्याच्या नावापुढचं हिरवं चिन्ह राखाडी झालं, म्हणजे त्याच्याकडचं कनेक्शन तुटलं.

"वीज गेली असेल," मी म्हणालो. "उद्या नवा डाव मांडा."

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी मला समजावलं. समोरचा तुटला तरी आपण टेबलावर बसून असलो तर टेबल तसंच राहतं. तो कधीही परत आला तर त्याची खुर्ची, त्याचे पत्ते, त्याचे जीव जागच्या जागी मिळतात. आपण उठलो की सगळं पुसलं जातं.

"मग बसून किती वेळ राहणार?"

"येईपर्यंत." आणि मग माझ्याकडे न बघता त्या अहिराणीत म्हणाल्या, "तो अशा उठी जाणारा मानूस नही."

अडचण अशी की नुसतं बसून चालत नव्हतं. बराच वेळ काही हालचाल केली नाही तर खेळ चालवणारं यंत्र आपल्यालाही बाहेर काढतं. त्यासाठी अक्का अर्ध्या-अर्ध्या तासाने त्या सॉफ्टवेअरमध्येच असलेला फासा उगाच टाकायच्या. ह्याला त्या राऊंड म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला ड्युट्या लागल्या. वैशाली सकाळी, मी दुपारी, संध्याकाळपासून पुढे अक्का स्वतः, गजर लावून. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, इंटरनेट जातं म्हणून माझा मोबाईल. टेबलाशेजारी दोरी बांधलेलं पेन आणि एक वही. वहीत पहिल्या पानावर अक्कांच्या अक्षरात लिहिलेलं: "पेशंट: कोणीतरी. जीव: अकरा. हातात पत्ते: चार. हालचाल: नाही." खाली आम्ही सह्या करायच्या.

वैशालीने तक्रार करावी अशी माझी अपेक्षा होती. पण चौथ्या दिवशी वहीत तिच्या अक्षरात दिसलं, "हालचाल: नाही. पण मला वाटलं कोणीतरी बघतंय." अक्कांनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं, "वाटलेलं लिहू नये."

माझ्या दुपारच्या पाळीत मलाही ते वाटायचं. कॉलनी मेल्यासारखी पडलेली. खिडक्यांचे पडदे ओढलेले. संगणकावर त्या माणसाचे चार पत्ते पाठमोरे, त्याच्या भिंती एका ओळीत, आणि त्यातली एक आमच्या बाजूला, घोड्याच्या उशाशी. केसपेपरात पान-पान भरून एकच ओळ खाली उतरत चाललेली: सिस्टर धुळे यांनी फासा टाकला. सिस्टर धुळे यांनी फासा टाकला. रिकाम्या खुर्चीसमोर बसून फासे टाकणाऱ्या माणसाला आपण वेडे झालो आहोत का हा प्रश्न पडतो, आणि विचारायला कोणी नसतं.

पंधराव्या दिवशी, अक्का मोरीत डोकं धूत होत्या. मी राऊंड घेतला, दोन पडले. वहीत लिहायला वळलो. परत पाहिलं तर वरचं चिन्ह हिरवं होतं.

वरच्या ओळीतली एक भिंत आडवी झाली. सरळ झाली. पुन्हा आडवी झाली. मग त्याच्या हातातला एक पत्ता उलटा होऊन टेबलाच्या मधोमध पडला. मग दुसरा. तिसरा. चौथा. असं कोणी खेळत नाही. हातातलं सगळं असं कोणी टाकून देत नाही. एक लाल बाण निघाला, त्याच्या भिंतीपासून आमच्या घोड्यापर्यंत आला, आणि तिथेच राहिला.

मी खाली टाईप केलं, "कोण?"

त्याच्या नावाशेजारचा जीवांचा आकडा हलला. अकराचे दहा झाले.

आम्ही काहीही केलं नव्हतं. त्याच्यावर हल्ला झाला नव्हता. नऊ. जरा थांबून आठ. सात. कोणीतरी स्वतःचा एकेक जीव स्वतःच्या हाताने कमी करत होतं. सहा. पाच.

"अक्का!" मी ओरडलो. "अक्का, तो मरतोय!"

अक्का धावत आल्या. केसांतून पाणी गळत होतं, साडीचा खांदा भिजलेला. मी पहिल्यांदाच त्यांना हात न धुता माऊसला हात लावताना पाहिलं. आकडा तीनवर आला होता. त्यांनी दोन बोटांनी टाईप केलं, "थांबा. माऊसवरचा हात काढा."

आकडा थांबला.

मग एकेक अक्षर करत ओळ उमटली, "हे बंद कसं करायचं मला कळत नाही."

"तुम्ही कोण?" अक्कांनी लिहिलं.

"त्याची बहीण. दिगंबर वारला. परवा तेरावं झालं. संगणक शाळेला द्यायचा म्हणून चालू केला तर हे आपोआप उघडलं."

अक्का खुर्चीवर बसल्या. त्यांच्या केसांतलं पाणी फरशीवर टपटपत होतं. तिकडून पुन्हा ओळ आली, "तुम्ही धुळ्याच्या सिस्टर का?"

"हो."

"अजून बसलेल्या आहात?"

अक्कांनी लिहिलं, "मोठा आकडा दिसतो ना, त्यावर माऊसचं दुसरं बटण दाबा. अकरा होईपर्यंत दाबा."

तीनचे चार झाले. पाच. सहा. आम्ही दोघं बघत होतो. ती बाई पिंपळनेरहून, हे नंतर कळलं, एकेक जीव परत चढवत होती. अकरा झाल्यावर अक्कांनी तिचा फोन नंबर विचारून घेतला, केसपेपरातल्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी वेळेसकट वहीत उतरवल्या, आणि मगच टेबल बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने पिंपळनेरला निघालो. साक्री मागे पडल्यावर अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ, मला वाटायचं मी त्याला वेळ देते. खरं तर माझ्याकडे दुपारी कोण येतं हो? तोच यायचा."

घर गावाच्या टोकाला होतं. दिगंबरची बहीण मंगलताई पन्नाशीच्या, दंडाने जाड, खांद्यातून वाकलेल्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच. दिगंबर वायरमन होता. विहिरीवरची मोटर दुरुस्त करताना आत पडला आणि मणका गेला. नऊ वर्षं अंथरुणावर. मान हलायची आणि उजव्या हाताची दोन बोटं. बोलायचा भरपूर, पण एक शब्द संगणकात लिहायचा म्हणजे एकेका अक्षराला घाम फुटायचा. अंघोळ, कूस बदलणं, घास भरवणं, सगळं मंगलताई करायच्या. घरात तिसरं माणूस नव्हतं.

"अडीच वाजले की मले सांगे, 'धुळानी सिस्टर उनी, आते तू जाय.' तुम्ही आलात म्हटलं की मी दळण, बाजार, रानातलं काम, सगळं त्या तासात करायची." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला संगणकातलं काय कळतंय? मला वाटायचं, दवाखान्याची नर्स आहे, ती तिकडून लक्ष ठेवते त्याच्यावर. म्हणून मी निर्धास्त जायची."

अक्कांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दोन वर्षं त्या ड्युटीवर होत्या आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी दळणाला गर्दी होती," मंगलताई म्हणाल्या. "सव्वातीनला आले तर तो गेलेला. डोळे पडद्याकडे. नऊ वर्षं मी हलले नाही, अन् नेमकी तेव्हाच... मी नही व्हतू तठे. एकटा गया तो."

अक्का पुढे सरकल्या. वही काढली, पण उघडली नाही. मंगलताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी व्हतू ना," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसेल व्हतू."

मंगलताईंनी वर पाहिलं.

"तीनला आठ मिनिटं होती तेव्हा त्यांनी पत्ता घेतला. त्याच्या आधी माझ्या घोड्याला ऊन लागतं म्हणून स्वतःची भिंत आणून सावली केली. मी हसले. हे भाऊ साक्षीला आहेत. त्रासात असलेला माणूस अशी थट्टा करत नाही, ताई. चौतीस वर्षं पाहिलंय मी. आणि त्यानंतर पंधरा दिवस आम्ही उठलो नाही तिथून."

मंगलताई रडल्या, ते तोंड उघडून, मोठ्याने. मी बाहेर ओट्यावर आलो. आतून बराच वेळ तो आवाज येत राहिला, मग कमी झाला, मग नुसतं अक्कांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. खांदा कधीपासून दुखतो, हात वर जातो का, रात्री झोप लागते का. कोणीतरी त्या बाईला हे प्रश्न पहिल्यांदाच विचारत असावं, कारण ती प्रत्येकाचं उत्तर आठवून आठवून देत होती.

गाडीची वेळ झाली तसा मी आत डोकावलो. अक्कांनी तिच्या खांद्याला तेल लावून तिला दिगंबरच्याच पलंगावर निजवलं होतं आणि ती गाढ झोपली होती. अक्का खाली जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून. त्यांनाही झोप लागली होती, तोंड थोडं उघडं. दोघींचे हात एकमेकींत होते आणि कोणी कोणाचा धरला होता ते सांगता आलं नसतं.

लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो आणि गाडी जाऊ दिली.